नोकरी लागते, टिकवायची कुणी? खानदेशातल्या आमच्या संस्थेची वाढ, पडझड आणि एक प्रश्न

तापीकाठ:

जळगावात एका लहान संस्थेत मी बरीच वर्षं काम करते आहे. ज्यांना सहजासहजी कुणी कामावर ठेवत नाही त्यांना काम मिळवून देणं आणि ते टिकेल असं बघणं, हे आमचं काम. नवऱ्याने टाकलेल्या बायका, विधवा, दिव्यांग मुलंमुली, सातपुड्यातली दहावी-बारावी झालेली पोरं, शिक्षा भोगून बाहेर आलेले काही जण. संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली काही कंपन्यांचा आणि देणगीदारांचा विषय येतो, त्यातल्या कुणाची बदनामी करायचा हेतू नाही. पण सध्या आमच्यापुढे एक निर्णय आहे आणि त्यावर आपल्याकडच्या लोकांचं मत हवं आहे, म्हणून सगळं लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगते. माणसाला कामाला लावणं त्यामानाने सोपं आहे. लागल्यावरचे पहिले तीन महिने त्याला सांभाळणं हे खरं काम. आमची संस्था नावारूपाला आली ती या कामामुळे, आणि पैसे आटले तेव्हा सगळ्यात आधी कात्री लागली तीही याच कामाला.

सुरुवात डाळ मिलपासून झाली. एमआयडीसीत डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइप आणि ठिबकचं सामान बनवणारे, सगळ्यांना माणसं हवी असतात. आणि जवळच्याच म्हसावद, शिरसोली, ममुराबादकडच्या बायका शेतातली कामं संपली की घरी बसलेल्या. मध्ये अडत होतं ते एसटीपाशी. कामाची पाळी सुटायची तेव्हा गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. एका मिलमालकांशी बोलून बायकांची पाळी अर्धा तास अलीकडे घेतली, परतीला एक रिक्षा ठरवली. एवढ्यावर एकाच गावातल्या सात-आठ जणी कामाला लागल्या. कसलं प्रशिक्षण नाही, प्रमाणपत्र नाही.

मग हळूहळू कळत गेलं की माणूस काम सोडतो त्याची कारणं कामात क्वचितच असतात.

पगाराचंच बघा. कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा आणि चांगले मालक तो करतातही. पण मुलगा १० जूनला लागला तर पहिला पैसा ७ जुलैला दिसणार, तोही २१ दिवसांचा. तोपर्यंत खोलीचं डिपॉझिट, मेस, येण्याजाण्याचं भाडं आणायचं कुठून? तिकडे ऊसतोडीचा मुकादम दिवाळीच्या आधीच घरी येऊन उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मोजून देतो. बापाने उचल घेतली की जोडीला माणूस लागतो, आणि महिनाभर मशिनवर उभं राहून काम शिकलेलं पोर कोयता घेऊन बारडोलीकडे जातं. अशा पोराला कुणी आळशी म्हटलं की मला फार लागतं.

कागदांचं वेगळंच. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती म्हणून १ जानेवारी लावलेली, शाळेच्या दाखल्यावर दुसरीच. मग पीएफचा नंबर निघत नाही, निघाला तर पैसे काढताना अडकतो. एकेका बाईमागे आधार केंद्र, बँक आणि ग्रामपंचायत अशा खेपा होतात. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते ती वेगळीच.

धडगावकडच्या पावरा मुलांची गोष्ट तर जळगावच्या मालकांना अनेक वर्षं कळतच नव्हती. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. मुलगा कुठेही असो, त्या दिवसांत तो घरी जाणारच. हजेरीपुस्तकात 'गैरहजर' लागायचं आणि होळी करून परत आला की गेटवरच कळायचं, जागा भरली. आम्ही एवढंच केलं की जानेवारीतच सुपरवायझरसमोर कॅलेंडर ठेवायचं, कोण कधी जाणार आणि कधी येणार ते लिहून घ्यायचं, त्या आठवड्यात गावातल्या इतर मुलांची बदली पाळी लावायची. त्यानंतर होळीला सुटणाऱ्या नोकऱ्या खूप कमी झाल्या.

आणि एक प्रसंग सांगते, म्हणजे 'सांभाळणं' म्हणजे काय ते लक्षात येईल. शिंदखेडा तालुक्यातला एक मुलगा चटईच्या कारखान्यात लावला होता. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "ताई, माले आठे करमस नही." खोलीवर गेले. एका खोलीत सात जण. हा सगळ्यात नवीन म्हणून दाराशी झोपायचा, रात्रपाळीवाले येता-जाता त्याला ओलांडून जायचे, झोप अशी नाहीच. डब्यात रोज थंड पोळ्या आणि बटाटा, कळण्याच्या भाकरीवर वाढलेलं ते पोर अर्धा डबा परत पाठवायचं. फोरमन नावाने हाक मारत नव्हता, "ए नवीन" म्हणायचा. मेस बदलली, खोलीतली जागा बदलून घेतली, फोरमनशी चहा घेत बोलले. झालं एवढंच. पुढे तोच मुलगा नव्यांना मशिन शिकवायला लागला.

हे काम बघूनच एक मोठी कंपनी आमच्याकडे आली. एप्रिल २०१४ पासून ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं आहे, त्यातले पैसे. तीन वर्षांचा करार झाला. संगणक आले, वर्गखोली आली, धुळ्यात केंद्र उघडलं. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेने परदेशी देणगीतला वाटा दिला, त्यावर नंदुरबारचं केंद्र सुरू झालं. कार्यकर्ते तिपटीने वाढले. पण अहवालाच्या तक्त्यात रकाने दोनच होते, 'प्रशिक्षित' आणि 'नियुक्त'. नियुक्तीनंतर खोलीवर जाणारी, फोरमनशी बोलणारी, आधार केंद्राच्या रांगेत उभी राहणारी कार्यकर्ती 'प्रशासकीय खर्चा'त गेली, आणि तो खर्च कमी करा असा निरोप दर तिमाहीला यायचा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पुणे-नाशिकच्या हॉटेलांत, मॉलमध्ये लावलेली मुलं मिळेल त्या वाटेने परत आली. त्याच महिन्याच्या अखेरीस पीएम केअर्सला दिलेले पैसे सामाजिक खर्चात धरले जातील असं केंद्र सरकारने जाहीर केलं. आमच्या कंपनीचा नवा करार झालाच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगीचा कायदा बदलला, एका संस्थेने आपली परदेशी देणगी दुसरीला देण्यावर बंदी आली, आणि नंदुरबारचा पैसा एका दिवसात थांबला. मुंबईच्या संस्थेची यात काही चूक नाही, त्यांचेही हात बांधलेले. एप्रिल २०२१ पासून करसवलतीसाठीची १२ए आणि ८०जीची नोंदणी सगळ्यांनाच नव्याने करावी लागली, शिवाय कंपन्यांचे सामाजिक खर्चातले पैसे घेण्यासाठी सीएसआर-१ हा नवा फॉर्म. ज्या संस्थेत आता चार माणसं उरली होती तिथे एक माणूस फक्त कागदांमागे.

नंदुरबारचं केंद्र बंद केलं. धुळ्याचं आठवड्यातून दोन दिवस उघडतो. खानदेशातून पुण्या-मुंबईला गेलेल्या लोकांच्या लहान लहान देणग्यांवर जळगावचं काम चालू राहिलं, आणि मला सांगायला आनंद वाटतो की माणसं टिकवण्याचं काम आम्ही सोडलं नाही, वर्ग बंद केले.

आता प्रश्न. एमआयडीसीतले काही कारखानदार म्हणतात की माणूस सहा महिने टिकला तर संस्थेला ठराविक रक्कम आम्ही देऊ. कामगाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) पहिल्या दिवसापासून, ही आमची अट त्यांना मान्य आहे. आमच्या दोन विश्वस्तांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, मालकाचे पैसे घेतले की आपण ठेकेदार झालो. मला वाटतं घ्यावेत. तुम्हाला काय वाटतं?

---

भुसावळ_जंक्शन:

ताई, धागा वाचून राहवलं नाही. मी स्वतः दिव्यांग आहे, एका पायाला पोलिओ. खाजगी नोकरीत बारा वर्षं काढली, म्हणून लागल्यावर काय होतं ते सांगू शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आलं. खाजगीत सक्ती नाही, सरकारने प्रोत्साहन द्यावं एवढंच म्हटलं आहे. म्हणजे खाजगी मालकाकडे जायचं ते त्याच्या मर्जीवर. माझ्या पहिल्या नोकरीत मुलाखत तळमजल्यावर झाली, काम तळमजल्यावर, संडास पहिल्या मजल्यावर. कठडा नसलेला जिना. मी दिवसभर पाणी पिणं बंद केलं. तीन महिन्यांनी मूतखड्याने दवाखान्यात. मालक वाईट माणूस नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नाही आणि मी नवीन असल्याने बोललो नाही. तेव्हा तुमच्यासारखं कुणी एकदा येऊन गेलं असतं तर कठडा लागला असता. दुसऱ्या नोकरीत मी स्वतःच सांगितलं, आठवड्यात लागला.

एक उपयोगाची गोष्ट. ईएसआयसीची पगारमर्यादा सगळ्यांना २१,००० आहे पण दिव्यांग कामगाराला २५,००० आहे. अनेक कारखान्यांच्या हिशेब खात्याला हे माहीत नसतं आणि २१ च्या वर गेला की नाव काढून टाकतात. तुमच्या मुलांचं तपासा.

पैसे घ्यावेत असं माझं मत.

---

शहादा_फाटा:

माझा विरोध आहे, आणि तो आपल्या कामाबद्दल आदर ठेवूनच.

ताई, तुम्ही म्हणता तसं काम खोलीवर, फोरमनपाशी, गेटवर होतं. आता उद्या तुम्ही लावलेल्या पोराचं बोट मशिनमध्ये गेलं. मालक म्हणतो त्याचीच चूक. त्या वेळी तुमची कार्यकर्ती कुणाच्या बाजूने बसणार? ज्याच्या पैशावर तिचा पगार होतो त्याच्यासमोर ती किती जोरात बोलणार? आज तुम्ही बोलाल, मला खात्री आहे. पण पाच वर्षांनी तुमच्या जागी जो असेल त्याचं काय?

मी ज्या भागातून लिहितो तिथे १९७२ नंतर आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि त्यांच्या सोबतच्या तरुणांनी श्रमिक संघटना उभी केली. आदिवासी शेतमजूर गेलेल्या जमिनीसाठी आणि मजुरीसाठी स्वतः उभे राहिले. १९७२ च्याच दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि ते हक्क म्हणून. माझे आजोबा खडी फोडायला जायचे, पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव आहे म्हणून ताठ मानेने जायचे. हे सगळं मजुरांनी स्वतःच्या बळावर मिळवलं, कुणी त्यांना 'लावलं' नव्हतं.

तुमचं काम चांगलंच आहे, पण माणसाला नोकरीत टिकवण्याची जबाबदारी तुम्ही घेतली की ती नोकरी टिकण्यासारखी करण्याची मालकाची जबाबदारी सुटते. सात जण एका खोलीत का राहतात? कारण पगार तेवढाच आहे. खोलीतली जागा बदलून तो प्रश्न सुटत नाही.

---

चटई_आणि_चहा:

मी जळगावात चटईचं लहान युनिट चालवतो. मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत आम्ही फार लहान. वरचा प्रतिसाद वाचला, मुद्दे योग्य आहेत, तरी आमची बाजू मांडतो.

नवीन माणूस आला की पहिले काही आठवडे माल खराब होतो. धागा तुटतो, विणकाम सरकतं, रंग जुळत नाही. तो माल कमी भावात विकावा लागतो. त्यातून तो शिकला आणि निघून गेला, की पुन्हा नवीन, पुन्हा खराब माल. या नुकसानीच्या मानाने ताईंची संस्था मागते ती रक्कम आम्हाला जड नाही. मी दया म्हणून देत नाहीये, माझा त्यात फायदा आहे आणि हे मी उघड सांगतो.

शहादा_फाटा भाऊ, बोट गेल्याचं म्हणालात. माझ्याकडे झालं आहे. ईएसआयसी भरलेलं होतं म्हणून त्या मुलाचा उपचार झाला आणि पगाराचा भाग मिळत राहिला. आधी मी सगळ्यांचं भरत नव्हतो, संस्थेने अट घातली म्हणून भरायला लागलो. नंतर जे माझ्याकडे परस्पर आले त्यांचंही भरतो. एक माणूस बाहेरून येऊन विचारतो याचा कारखान्यावर परिणाम होतो.

पगाराबद्दल खरं आहे. प्लास्टिक दाण्याचा भाव वर-खाली होतो त्यात आमची कमाई जाते. पण खोलीसाठी आम्ही चार-पाच कारखानदार मिळून काही करू शकतो का, हे मी आमच्या लोकांत बोलून बघतो.

---

गिरणाकाठची_लेक:

बायकांबद्दल फक्त बसचा मुद्दा आला म्हणून लिहिते.

माझी मावसबहीण, पाचोऱ्याकडची. नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची. एका कारखान्यात पॅकिंगला लागली, काम आवडायचं, हात चांगला होता. मुलीला आईकडे ठेवायची. आईला कापूस वेचणीला जायचं असेल त्या दिवशी मुलगी कुणाकडे? दिवाळीच्या तोंडावर वेचणी जोरात, रोज चांगला मिळतो, आई का सोडेल? बहिणीचे खाडे पडले आणि काम गेलं. २०१७ पासून ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. मी जळगावात जिथे जिथे विचारलं तिथे एकतर कामगार ४० दाखवलेले, नाहीतर एक रिकामी खोली आणि भिंतीवर फुगे रंगवलेले, आत मूल एकही नाही, कारण सांभाळणारी बाईच नेमलेली नाही.

ताई, तुमचा तो मालक जर सहा महिन्यांचे पैसे द्यायला तयार असेल तर त्या पैशातून आधी एक सांभाळणारी बाई नेमा. तीही एखादी विधवाच नेमा. दोन नोकऱ्या होतील.

आणि पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जातो का हे बघा. सासऱ्याच्या खात्यात पगार जाणाऱ्या दोघींना मी ओळखते.

---

पूर्वी_प्रशिक्षक:

मी एका सरकारी कौशल्य योजनेच्या केंद्रावर धुळ्यात शिकवत होतो, म्हणून तक्त्यातल्या रकान्यांबद्दल बोलतो.

केंद्राच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत, जी २०१४ पासून आहे, नोकरी लागल्यावरच्या काळासाठी तरतूद होती. मुलगा जिल्ह्यातच लागला तर २ महिने, राज्यात लागला तर ३ आणि राज्याबाहेर गेला तर ६ महिने, दर महिन्याला १,००० रुपये. म्हणजे दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांनाही पहिले महिने अवघड असतात हे ठाऊक होतं. पण ती रक्कम मुलाच्या खात्यात, आणि बरेचदा उशिरा. ताई म्हणतात ती कार्यकर्ती, जी रविवारी खोलीवर जाईल, ती त्यातून उभी राहत नाही. माझ्या वर्गातली मुलं पुण्याला पाठवली की आम्ही महिन्यातून एकदा फोन करून पगारपावतीचा फोटो मागायचो. फोटो आला की तो 'टिकला'. तो कसा आहे हे विचारायला वेळच नसायचा, पुढची बॅच बसलेली असायची.

नंतर २०२४ ला राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधरांना १०,००० महिना. आमच्याकडची पोरं खूश झाली, गावाजवळच्याच कार्यालयात बसायला मिळालं. मुदत संपली तेव्हा पुन्हा घरी. मधल्या काळात कारखान्यात शिकण्याची सवय गेली. योजनेला नावं ठेवत नाही, त्या महिन्यांत अनेक घरांत पैसे आले, तेही महत्त्वाचंच.

---

नवापूरकर:

सगळे जळगावच्या बाजूने बोलत आहेत, आमच्याकडची वस्तुस्थिती वेगळी आहे. नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. आमच्या पोरांना जळगाव लांब आणि सुरत जवळ वाटतं. गाडीत बसलं की सुरतचं उधना.

आणि सुरतेत आपली पोरं टिकतात, हे लक्षात घ्या. काम काही सोपं नाही, बारा-बारा तास लूमवर, आवाजाने कान जातात. तरी टिकतात. कारण लिंबायत, उधना भागात खानदेशी वस्ती आहे. मावसभावाच्या खोलीवर उतरायचं, डिपॉझिट नाही. वहिनी भाकरी करून देते. पहिला पगार होईपर्यंत कुणी पैसे मागत नाही. आजारी पडला तर कुणीतरी गाडीत बसवून घरी आणून सोडतो. सगळेजण अहिराणी बोलतात, कानबाईचे रोट, म्हणजे आपला खानदेशी सणही, तिथेच होतात. ताईंची कार्यकर्ती जे करते ते तिथे नात्यातले लोक फुकट करतात. जळगावला, पुण्याला, नाशिकला आमच्या पोराला हे कुणी नाही, म्हणून ती तिथून पळतात.

नंदुरबारचं केंद्र बंद झालं याचं वाईट वाटलं. तिथून मी दोन पोरांचे कागद करून घेतले होते. आमच्याकडे खरं असं केंद्र नंदुरबारपेक्षा उधन्याला हवं, जिथे पोरं जातात तिथे. नात्यात कुणीच सुरतेला नाही अशी पोरं पण असतात, त्यांचं फार हाल होतं.

---

हिशेबनीस:

पैसे घ्यावेत की नाही हे तुम्ही ठरवा. घेणार असाल तर हिशेबाच्या बाजूने चार गोष्टी.

आयकर कायद्यात धर्मादाय कामाचे प्रकार आहेत. 'गरिबांना साहाय्य' हा एक, 'सार्वजनिक हिताचं इतर कार्य' हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात शुल्काचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेलं की करसवलत धोक्यात येते. पहिल्या प्रकाराला ही २० टक्क्यांची मर्यादा नाही. तेव्हा तुमच्या घटनेत उद्दिष्ट कसं लिहिलं आहे ते सीएला दाखवून घ्या, आणि कारखानदाराशी करार करताना 'मनुष्यबळ पुरवठा' असा शब्द कुठेही येऊ देऊ नका, कारण तुम्ही तो करतच नाही. कामगार पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या हजेरीवर असला पाहिजे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणीचाही प्रश्न येईल.

पहिल्या पगारापर्यंत मुलांना पैसे देता का तुम्ही? धाग्यात स्पष्ट नाही. देत असाल तर बिनव्याजीच द्या. राज्याच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात कर्ज म्हणजे व्याजाने दिलेली रक्कम. तरी विश्वस्तांचा ठराव, वेगळी वही आणि मुलाच्या सहीची पावती हवीच.

विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेत टाका. देणगीदार हल्ली सगळ्यात आधी परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) मागतात आणि त्यावर गेलेल्या माणसांची नावं दिसतात. चांगल्या संस्थांची कामं यावर अडकलेली पाहिली आहेत.

---

अमळनेरचा_पुण्यात:

वाचतोय. दरमहा लहान रक्कम देणाऱ्यांत मी आहे, पुढेही राहीन. मला प्रशिक्षणाचा आकडा नको, सहा महिन्यांनी किती जण कामावर आहेत आणि जे नाहीत ते का नाहीत, एवढंच वर्षातून एकदा कळवत जा.

---

तापीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून पुन्हा पुन्हा वाचलं, विश्वस्तांनाही पाठवलं.

भुसावळ_जंक्शन दादा, २५,००० चं तपासलं. आमच्या एका मुलीचं नाव खरंच काढलेलं निघालं, उद्या तिच्या कारखान्यात जाते आहे.

हिशेबनीस, हो, पहिल्या पगारापर्यंतचा निधी आहे. खोली आणि मेसपुरता, बिनव्याजी, तीन पगारांत परत. बहुतेक जण परत करतात, आणि काही जण आपले पैसे फिटल्यावर दुसऱ्यासाठी थोडे जास्त ठेवून जातात. कंपनीच्या करारात हा निधी कधीच बसला नव्हता, कारण परत येणारी रक्कम 'खर्च' धरत नाहीत. उचलीला तोंड देणारी दुसरी कुठली गोष्ट मला माहीत नाही. ठराव आहे, वही आहे, पावत्या उद्यापासून.

गिरणाकाठच्या ताई, सांभाळणाऱ्या बाईचं आजच डाळ मिलवाल्यांशी बोलले. ते जागा द्यायला तयार आहेत, पगार अर्धा त्यांचा, अर्धा आमचा, असं बोलणं चालू आहे. खात्याचं आम्ही सुरुवातीलाच बघतो. पासबुक तिच्या हातात नसेल तर नवीन खातं काढल्याशिवाय रुजूच करत नाही.

नवापूरकर भाऊ, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मुलांना वाचून दाखवला. 'टिकणं' म्हणजे काय ते इतक्या नेमक्या शब्दांत आम्हाला अहवालात कधी मांडता आलं नव्हतं.

आता शहादा_फाटा. तुमचा प्रश्न टाळणार नाही. आम्ही दोन कारखान्यांशी संबंध तोडले आहेत, एकाने पीएफ कापून भरला नव्हता, दुसऱ्याने बायकांच्या कामाच्या वेळेबद्दल शब्द देऊन पाळला नाही. तेव्हा त्यांचे पैसे घेत नव्हतो, म्हणून तोडणं सोपं गेलं. पैसे घेत असताना ते जड जाईल, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण कंपनीचे पैसे घेत होतो तेव्हा मोकळे होतो का? तेव्हा त्यांच्या रकान्यांसाठी खोलीवर जाणं कमी केलं गेलं. रोजगार हमीचा हक्क मोठाच, माझ्या वडिलांनीही त्या कामावर दिवस काढले. पण मजुरांची संघटना आज एमआयडीसीत उभी नाही, आणि होळीहून परत आलेलं पोर आजच गेटवर उभं असतं. मला त्याचं आज बघायचं आहे. पगाराचं तुम्ही म्हणालात ते आम्ही मालकांसमोर मांडत राहू, ते सोडलेलं नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत असं सुचवणार आहे: कुठल्याही एका कारखान्याकडून येणारी रक्कम आमच्या वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे एकाला सोडलं तरी कुणाचा पगार थांबणार नाही. आणि कामगाराची तक्रार ज्यांच्याकडे जाईल ती माणसं संस्थेच्या पगारावरची नसावीत. तीन जण, त्यातला एक तरी स्वतः कारखान्यात राबलेला.

---

शहादा_फाटा:

दहावा हिस्सा ठीक आहे, पण तो घटनेत किंवा निदान ठरावात लिहा, तोंडी नको. आणि तक्रारीची माणसं निवडताना कारखानदारांना विचारायचंच नाही, असंही लिहा.

मालकाचे पैसे घेण्याला माझा विरोध अजून आहे. तरी तक्रार ऐकणाऱ्या तिघांत मला घेणार असाल तर मी येईन. सोळा वर्षं साखर कारखान्यात आणि नंतर सूतगिरणीत काढली आहेत. महिन्यातून एकदा जळगावला येणं जमेल, भाडं माझं मी बघेन.

---

चटई_आणि_चहा:

मला चालेल. भाऊ आले तर आधी माझ्याच युनिटवर यावं, सगळं दाखवतो, हजेरीपुस्तकासकट.

खोल्यांबद्दल दोन कारखानदारांशी बोललो. एकाकडे गोदामावरच्या मजल्यावर चार खोल्या पडून आहेत. पाणी आणि संडासाचं काम काढावं लागेल. बघायला कधी येता, ताई?

---

नवापूरकर:

लिंबायतला आमच्या गावचे एक जण किराणा दुकान चालवतात, पोरं सगळी त्यांच्याकडेच उधारी करतात. त्यांना विचारलं. दुकानावर एक वही ठेवायला आणि नवीन पोर आलं की तुम्हाला फोन करायला ते तयार आहेत. बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

तापीकाठ:

नवापूरकर भाऊ, व्यनि मिळाला, दुकानदार काकांशी उद्या दुपारी बोलते.

चटई_आणि_चहा, शनिवारी सकाळी येते. सोबत आमची कार्यकर्ती आणि खोलीत राहणार त्यातली दोन मुलं असतील, कारण संडास कुठे हवा आणि रात्रपाळीवाले कुठे झोपतील हे त्यांनीच सांगायला हवं. शहादा_फाटा दादा, तुम्हाला शनिवार जमत असेल तर त्याच दिवशी या. नाहीच जमलं तर बैठकीची तारीख ठरली की इथेच कळवते.